जानेवारीत सूर्य जवळ, तरी थंडी का? आणि दर अमावस्येला ग्रहण का नाही?

प्रश्न असा आहे: "सांगली जिल्ह्यातल्या खेड्यातल्या शाळेत मी सातवी-आठवीला विज्ञान शिकवतो. पृथ्वीगोल आणि बॅटरी घेऊन ऋतू, चंद्रकला, ग्रहणं दाखवतो, पण मुलं दोन ठिकाणी हमखास अडवतात. जानेवारीत सूर्य जवळ असतो, मग थंडी का? आणि दर अमावस्येला चंद्र मध्ये येतोच, मग दर अमावस्येला ग्रहण का नाही? साहित्य फारसं नाही. नीट कसं दाखवावं?"

दोन्ही शंका रास्त आहेत आणि दोन्ही फळ्यावरच्या आकृतीतून येतात. पानात मावावं म्हणून आकृतीत पृथ्वीची कक्षा ताणून लांबट काढतात, चंद्र पृथ्वीच्या शेजारी बसवतात आणि सगळं कागदाच्या एकाच पातळीत ठेवतात. या तिन्ही सोयी पुढे एकेक गैरसमज देऊन जातात. म्हणून आधी प्रमाण दुरुस्त करा. पट्टी, सुतळी, दोन-तीन गोळे आणि शाळेचं पटांगण एवढं पुरतं.

कक्षेपासून सुरुवात. सुतळी आणि खिळ्याने १५ सेंटिमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढा. १ सेंटिमीटर म्हणजे १ कोटी किलोमीटर. सूर्याचा ठिपका मध्यबिंदूवर न देता अडीच मिलिमीटर बाजूला द्या. ही पृथ्वीची खरी कक्षा. ती लंबवर्तुळ आहे हे खरं, पण तिचा चपटेपणा या मापात ०.०२ मिलिमीटर भरतो. पेन्सिलीची रेघच त्याहून जाड. ३-४ जानेवारीच्या सुमारास पृथ्वी सूर्यापासून १४.७१ कोटी किलोमीटरवर असते, जुलैच्या पहिल्या आठवड्यात १५.२१ कोटींवर. अंतरातला फरक साडेतीन टक्क्यांच्या आत, मिळणाऱ्या ऊर्जेतला सात टक्क्यांच्या आसपास. ऋतू अंतरावर ठरत असते तर जानेवारीत साऱ्या जगात एकदमच उन्हाळा आला असता. प्रत्यक्षात त्या महिन्यात सिडनीत उन्हाळा असतो आणि आपल्याकडे शेकोट्या पेटतात. एवढं सांगितलं की अंतराचा मुद्दा मुलंच सोडून देतात.

मग राहतो अक्षाचा कल, २३.४४ अंश. पृथ्वीगोलाचा प्रयोग इथेच फसतो. गोल हातात घेऊन दिव्याभोवती फिरताना मनगट आपोआप वळतं आणि अक्ष कायम दिव्याकडेच झुकलेला राहतो. बारा महिने उन्हाळा! उपाय साधा आहे: वर्गातल्या एका भिंतीवर खडूने ध्रुवताऱ्याची फुली करा आणि पूर्ण फेरीत अक्षाचं वरचं टोक त्याच भिंतीच्या दिशेला ठेवा. बॅटरीऐवजी उघडा एलईडी बल्ब गोलाच्या मध्याएवढ्या उंचीवर टांगा. बॅटरीचा झोत एकाच दिशेला जातो, त्यामुळे तीही तुम्हाला फिरवावी लागते आणि मुलांचं लक्ष तिच्याकडेच जातं. ध्रुवतारा खरंच जागचा हलत नाही हे मुलांनी रात्री पाहावं. सांगलीतून तो उत्तर क्षितिजावर जेमतेम १७ अंश दिसतो. लांब केलेल्या हाताच्या मुठी एकावर एक धरल्या तर दोनांहून थोडं कमी. उत्तरेला डोंगर किंवा इमारत असेल तर जागा बदलावी लागेल.

पण माझ्या मते कल शिकवायला पृथ्वीगोलापेक्षा पटांगणातली काठी चांगली. एक मीटरचा सरळ पाइप घ्या, गवंड्याच्या ओळंब्याने उभा करा आणि भोवतालची जमीन पाणसळीने तपासून घ्या. काठी एका अंशाने कलली तरी टोक पावणेदोन सेंटिमीटर सरकतं आणि मापाचा विचका होतो. बारा वाजल्यापासून एक वाजेपर्यंत दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खूण करायची. सर्वात आखूड सावली म्हणजे स्थानिक मध्यान्ह.

तो बाराला येणार नाही, हे मुलांना आधीच सांगा. आपलं घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाचं आहे आणि सांगली सुमारे ७४.६ अंशांवर. दर अंशाला चार मिनिटं धरली तर सूर्य डोक्याशी यायला सरासरी ३२ मिनिटं उशीर होतो, साताऱ्याला ३४. त्यात कक्षेची लंबवर्तुळाकृती आणि अक्षाचा कल यांमुळे वर्षभर मागेपुढे होतं. सांगलीचा मध्यान्ह नोव्हेंबरच्या सुरुवातीला सव्वाबाराच्या सुमारास, तर फेब्रुवारीच्या मध्यात पाऊण वाजता येतो.

सांगलीचा अक्षांश सुमारे १६.८५ अंश. एक मीटर काठीची मध्यान्हीची सावली २२ डिसेंबरला ८५ सेंटिमीटर, उत्तरेकडे. २१ मार्च आणि २३ सप्टेंबरच्या आसपास ३० सेंटिमीटर, उत्तरेकडेच. ७ मेच्या सुमारास शून्य. २१ जूनला साडेअकरा सेंटिमीटर, पण दक्षिणेकडे! साताऱ्याचे आकडे ८७, ३२ आणि १० सेंटिमीटर, आणि शून्य सावली १०-११ मेच्या सुमारास. दुसरा शून्य सावली दिवस ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात येतो, पण तेव्हा सूर्य ढगाआड. त्याच्या भरवशावर कार्यक्रम ठेवू नका. तारखेवरूनही वाद नको. मेमध्ये दिवसाला सावली जेमतेम पाच मिलिमीटर सरकते आणि सावलीची कडच एक सेंटिमीटर पुसट असते, कारण सूर्य बिंदू नाही, अर्ध्या अंशाची तबकडी आहे. एक दिवस अलीकडे-पलीकडे डोळ्याला सारखंच दिसतं. पुसट कडेवर इलाज हवा असेल तर पाइपच्या टोकावर पुठ्ठा लावून त्याला पाच मिलिमीटरचं भोक पाडा आणि जमिनीवर पडणाऱ्या उजेडाच्या ठिपक्याचा मध्य मोजा. मात्र उंची भोकापर्यंतची धरा.

उत्तर दिशा होकायंत्राने काढत असाल तर काठी लोखंडी नको. त्याहून बरी जुनी रीत: काठीभोवती वर्तुळ काढा, सकाळी आणि दुपारनंतर सावलीचं टोक ज्या दोन ठिकाणी वर्तुळाला शिवेल ते बिंदू जोडा. ती पूर्व-पश्चिम रेषा.

आता या मापांतून ऋतू बाहेर काढायचा. २२ डिसेंबरला मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ४९.७ अंश उंच असतो, म्हणजे एक चौरस मीटर उन्हाचा झोत १.३ चौरस मीटर जमिनीवर पसरतो. जूनमध्ये तो जवळजवळ सरळ पडतो. शिवाय सांगलीचा सर्वात मोठा दिवस १३ तास ८ मिनिटांच्या आसपास, सर्वात लहान ११ तास ७ मिनिटांच्या आसपास. तिरपेपणा आणि दिवसाची लांबी एकत्र धरली, जानेवारीजवळच्या कमी अंतराचा फायदाही मोजला, तरी २२ डिसेंबरला वातावरणाच्या माथ्यावर पोचणारी ऊर्जा २१ जूनपेक्षा सुमारे ३० टक्के कमी भरते. अंतराने दिलेले सात टक्के कलाने कधीच खाऊन टाकलेले असतात.

हुशार मूल इथे पुन्हा अडवेल: मग सर्वात जास्त उकाडा जूनच्या शेवटी का नाही? कारण आपल्याकडे सूर्य मेच्या पहिल्या आठवड्यातच डोक्यावर येऊन जातो, जमीन तेव्हा कोरडी असते, आणि जूनमध्ये मोसमी पाऊस येऊन ऊन झाकून टाकतो. सूर्याचं गणित ऋतूचा सांगाडा देतं, हवामान नाही. महाबळेश्वर आणि माण तालुका एकाच सातारा जिल्ह्यात, जवळजवळ एकाच अक्षांशावर; मध्यान्हीची सावली दोन्हीकडे सारखीच. तरी एकीकडे वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि दुसरीकडे पाचशेच्या आसपास. हा फरक सह्याद्रीच्या भिंतीचा. जतची किंवा आटपाडीची मुलं हे ऐकताना कान टवकारतील.

संक्रांतीचा प्रश्नही येतोच. सूर्याचं खरं उत्तरेकडे वळणं २१-२२ डिसेंबरला होतं. मकर संक्रांत १४-१५ जानेवारीला. पृथ्वीचा अक्ष सुमारे २५,८०० वर्षांत एक गिरकी घेतो. त्यामुळे ताऱ्यांवर आधारलेली रास आणि ऋतू यांच्यात सुमारे ७१ वर्षांना एक दिवस असं अंतर पडत गेलं आहे. तरी संक्रांतीपासून दिवस तिळातिळाने वाढतो असं लोकांना वाटतं, त्याला आधार आहे. सर्वात लवकरचा सूर्यास्त आपल्याकडे नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्याच्या आसपास आणि सर्वात उशिराचा सूर्योदय जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्याच्या आसपास असतो. दिवस डिसेंबरअखेरीपासूनच वाढायला लागतो, पण सकाळ लवकर उजाडू लागते ती संक्रांतीनंतरच.

चंद्रकलांचा मुद्दा तसा लहान. पृथ्वीच्या सावलीमुळे कला होतात, ही समजूत मोठ्यांमध्येही घट्ट आहे. ती मोडायला कृष्ण अष्टमीची सकाळ सर्वात उत्तम. आठ-नऊच्या सुमारास अर्धा चंद्र पश्चिमेच्या बाजूला आकाशात असतो आणि सूर्य पूर्वेला. उन्हात उभं राहून एक लिंबू चंद्राच्या दिशेने हात लांब करून धरायचं. लिंबावर उजेड-अंधाराची जी वाटणी दिसते तीच शेजारच्या चंद्रावर. पृथ्वीची सावली सूर्याच्या विरुद्ध बाजूला पडलेली असते, चंद्राच्या आसपासही नसते. अर्धा चंद्रगोल नेहमीच उजळलेला असतो. आपल्याला त्यातला किती दिसतो ते कोनावर ठरतं.

वर्गात करायचं तर अंधार करून एक बल्ब, आणि प्रत्येक मुलाच्या हातात काडीवर खोचलेला चेंडू. मुलाचं डोकं म्हणजे पृथ्वी. स्वतःभोवती डावीकडे हळूहळू वळायचं. चेंडू डोक्याच्या उंचीवर धरला तर पौर्णिमेला डोक्याची सावली पडून दर वेळी ग्रहण लागतं, आणि गैरसमज उलट पक्का होतो. चेंडू डोक्यापेक्षा वर धरायला सांगा. का, ते पुढे येईल.

चंद्र पृथ्वीभोवती २७.३ दिवसांत फिरतो, पण तेवढ्यात पृथ्वी सूर्याभोवती पुढे सरकते, म्हणून अमावस्या ते अमावस्या २९.५३ दिवस. सूर्य-चंद्रातलं अंतर १२ अंशांनी वाढलं की एक तिथी. चंद्राचा वेग सारखा नसल्याने तिथी २० ते २७ तासांची होते. क्षय आणि वृद्धी त्यातूनच. बारा चांद्रमास मिळून ३५४ दिवस, सौर वर्षाला अकरा कमी, म्हणून ३२-३३ महिन्यांनी अधिक महिना: २०२३ मध्ये अधिक श्रावण, २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ. चंद्रोदय रोज सरासरी ५० मिनिटं उशिरा होतो. ही सरासरीच आहे, हे संकष्टी धरणाऱ्या घरात सगळ्यांना ठाऊक असतं. दिवाळीच्या आगेमागे चतुर्थीचा चंद्र साडेआठ-पावणेनऊला दिसतो आणि एप्रिलमध्ये दहाची वाट पाहावी लागते. चंद्राचा मार्ग शरदात पूर्व क्षितिजाशी बराच तिरपा असतो, म्हणून रोजचा उशीर कमी. वसंतात तो जवळजवळ उभा, म्हणून उशीर जास्त.

कोरीचंही तसंच. पुस्तकात ती इंग्रजी सी अक्षरासारखी उभी असते, कारण ती चित्रं उत्तरेच्या देशांतून आली. गुढीपाडव्यानंतरच्या संध्याकाळी पश्चिमेला पाहा: कोर जवळजवळ आडवी, दोन्ही टोकं वर. भाद्रपद-आश्विनात तीच कललेली दिसते, फुगीर बाजू खाली उजवीकडे आणि टोकं वर डावीकडे.

आता मुख्य गोष्ट, ग्रहण. १ सेंटिमीटर म्हणजे १,००० किलोमीटर असं माप धरा. पृथ्वी १२.७ सेंटिमीटरचा गोळा. चंद्र साडेतीन सेंटिमीटरचा. दोघांतलं अंतर ३ मीटर ८४ सेंटिमीटर. हे अंतर आधी मुलांना अंदाजाने सांगू द्या. बहुतेक जण हातभर सांगतात. या मापात सूर्य १३.९ मीटरचा, चार मजली इमारतीएवढा, आणि दीड किलोमीटर लांब. तो गावाबाहेर आहे असं समजायचं.

चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेशी ५.१ अंशांनी कलली आहे. ऐकायला किरकोळ, पण ३.८४ मीटरवर ते ३४ सेंटिमीटर होतात. दोन खांबांत जमिनीला समांतर सुतळी ताणा. ती पृथ्वीची पातळी. चंद्र तिच्या ३४ सेंटिमीटर वरपासून ३४ सेंटिमीटर खालपर्यंत कुठेही असू शकतो. चंद्राच्या अंतरावर पृथ्वीची गडद सावली फक्त ९ सेंटिमीटर रुंद. पौर्णिमेला चंद्राचा मध्य सुतळीपासून सव्वासहा सेंटिमीटरच्या आत असेल तरच त्याला सावली शिवणार. ६८ सेंटिमीटरच्या पट्ट्यातले साडेबारा! बहुतेक पौर्णिमांना चंद्र सावलीच्या वरून किंवा खालून निघून जातो. अमावस्येला त्याची सावली पृथ्वीच्या वरून-खालून जाते, ते याच कारणाने. चेंडू डोक्यापेक्षा वर धरायचा तो यासाठी.

दोन पातळ्या जिथे छेदतात ते दोन पात बिंदू म्हणजे आपल्या पंचांगातले राहू आणि केतू. गिळणारा राक्षस बाजूला ठेवा, पण पंचांगातलं राहूचं स्थान हा खरा भूमितीतला बिंदू आहे, हे मुलांना जरूर सांगा. सूर्य पाताजवळ असताना अमावस्या किंवा पौर्णिमा आली तरच ग्रहण. असा हंगाम सुमारे १७३ दिवसांनी येतो आणि महिनाभर टिकतो, म्हणून ग्रहणं जोडीने येतात: २५ ऑक्टोबर २०२२ ला सूर्यास्तापूर्वी खंडग्रास सूर्यग्रहण, दोन आठवड्यांनी ८ नोव्हेंबरला चंद्रग्रहण. पात १८.६ वर्षांत उलट दिशेने फेरी मारतात, म्हणून हा हंगाम दर वर्षी सुमारे १९ दिवस अलीकडे सरकतो.

चंद्राची गडद सावली सरासरी ३.७४ लाख किलोमीटर लांब आणि चंद्र सरासरी ३.८४ लाखांवर. अगदी काठावरचा मामला. चंद्र जवळ असला की सावलीचं टोक जमिनीला टेकतं आणि खग्रास. लांब असला की टोक वरच संपतं आणि कंकणाकृती. त्या टोकाचा पट्टा शे-दोनशे किलोमीटरचा, म्हणून एकाच गावाला खग्रास सूर्यग्रहण पिढ्यान्‌पिढ्या मिळत नाही. आपला भाग मात्र नशीबवान होता. १८ ऑगस्ट १८६८ चा पट्टा कोकणातून जमखंडीवरून गुंटूरकडे गेला. २२ जानेवारी १८९८ चं ग्रहण बघायला ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर विजयदुर्गावर होते आणि अमेरिकेतल्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला. नकाशावर या दोन जागा रेघेने जोडा, रेघ कऱ्हाडजवळून जाते. १६ फेब्रुवारी १९८० चा पट्टा मात्र दक्षिणेकडून अंकोला, हुबळी, रायचूर असा गेला.

ते १९८० चं ग्रहण एका चक्राचं उदाहरण म्हणूनही चांगलं. १८ वर्षं, ११ दिवस आणि सुमारे ८ तासांनी सूर्य, चंद्र आणि पात जवळजवळ त्याच मांडणीत परत येतात. त्या ८ तासांत पृथ्वी तिसरा हिस्सा फिरते, म्हणून पुढचं ग्रहण १२० अंश पश्चिमेला पडतं. तीन चक्रांनी पुन्हा आपल्याच बाजूला. १९८० नंतर १९९८, २०१६ आणि मग २० मार्च २०३४, या वेळी पट्टा काश्मीरवर. तसंच २२ जुलै २००९ चं सुरत-वाराणसीचं ग्रहण २ ऑगस्ट २०२७ ला इजिप्तवर येतं. आपल्याकडे ते खंडग्रास आहे, पण महिना ऑगस्टचा.

चंद्रग्रहण बघायला काहीच लागत नाही. खग्रास अवस्थेत चंद्र काळा न होता तांबूस होतो, कारण पृथ्वीच्या वातावरणातून वाकलेला तांबडा प्रकाश सावलीत शिरतो. सावलीची कड वहीत काढून घ्यायला सांगा. ती नेहमी गोलाईचीच असते. ३१ डिसेंबर २०२८ ला रात्री दहा वाजून २२ मिनिटांच्या सुमारास मध्य असलेलं खग्रास चंद्रग्रहण आपल्याकडून दिसेल, आणि तेव्हा आकाशही निरभ्र असण्याची शक्यता मोठी.

सूर्यग्रहणाला मात्र शिस्त हवी. एक्स-रेची फिल्म, काजळी धरलेली काच, सीडी आणि परातीतलं शेणपाणी या चारही गोष्टी बाद. डोळ्याच्या पडद्याला वेदना कळत नाही, इजा दुसऱ्या दिवशी उमगते. आयएसओ १२३१२-२ प्रमाणित चष्मा चालतो, तोही ओरखडा नसलेला. पण साठ मुलांना चष्मे आणण्यापेक्षा आरसा बरा. लहान आरशावर एक सेंटिमीटरचं भोक पाडलेला कागद चिकटवा, उन्हात ठेवा आणि कवडसा दहा मीटर लांब, अंधाऱ्या खोलीतल्या पांढऱ्या भिंतीवर पाडा. सूर्याची नऊ सेंटिमीटरची प्रतिमा मिळते. आरसा हातात धरला तर प्रतिमा थरथरते, म्हणून तो विटांच्या आधाराने ठेवा आणि सूर्य सरकेल तसा दर दोन-तीन मिनिटांनी वळवा. आरशात पाहायचं नाही, भिंतीकडे पाहायचं, एवढं मुलांकडून आधी दोनदा वदवून घ्या.